नाव, तास आणि करार : व्हिडिओ गेममधील श्रमाचा इतिहास

'कर्ता कोण?' हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. रोलां बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हापासून आपल्या वर्गांतून या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली आहे. मात्र व्हिडिओ गेम या कलाप्रकारात कर्त्याचे नाव एखाद्या सिद्धान्तामुळे नव्हे, तर मालकाच्या धोरणामुळे पुसले गेले. तिकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. या व्यवसायाच्या इतिहासात नाव मागणारा कलावंत आणि हक्क मागणारा कामगार यांना वारंवार परस्परांविरुद्ध उभे केले गेले. ही दोन्ही रूपे एकाच माणसाची आहेत हे उमगायला चार दशके जावी लागली, असे आमचे प्रतिपादन आहे.

आरंभ अटारीपासून करावा लागतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील या कंपनीचे खेळ अमेरिकेतील घराघरांत पोचले होते. त्या काळी घरगुती यंत्रावरचा एक खेळ बहुधा एकच माणूस रचीत असे. कल्पना, चित्रे, ध्वनी, आज्ञावली, सारे त्याचेच. नाव मात्र फक्त कंपनीचे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने 'अ‍ॅडव्हेंचर' या खेळात वरिष्ठांच्या नकळत एक गुप्त दालन रचले आणि हा खेळ आपण निर्मिला आहे, अशी अक्षरे तिथे लपवली. एका खेळाडूने १९८० साली ते दालन शोधून काढले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. कंपनीने या प्रकाराला 'ईस्टर एग' असे गोंडस नाव देऊन त्याची गंमत करून टाकली. आम्ही तिला चोरून केलेली स्वाक्षरी म्हणू.

त्याच कंपनीतील डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी नाव आणि नफ्यातील वाटा उघडपणे मागितला. खेळ रचणाऱ्याचे महत्त्व कार्ट्रिज जुळवणाऱ्या कामगाराहून अधिक नाही, असे उत्तर मिळाल्याचे क्रेन यांनी पुढे सांगितले आहे. चौघेही बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी स्थापली. तिने आपल्या रचनाकारांची नावे अभिमानाने छापली. ही कथा सहसा कलावंतांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु एक गोष्ट नजरेआड होते. कामगाराशी झालेली तुलना चौघांना अपमानास्पद वाटली. त्यांनी शोधलेली वाट बाहेर पडण्याची होती, आणि ती ज्यांना कोणीही भांडवल देईल अशा मोजक्यांनाच मोकळी होती. कार्ट्रिज जुळवणारे हात जिथे होते तिथेच राहिले.

पुढे खेळ मोठे झाले, एका माणसाच्या जागी शेकडो माणसे आली, आणि चित्रपटाप्रमाणे शेवटी श्रेयनामावली झळकू लागली. पण नाव देणाऱ्याच्या हाती नाव गाळण्याचीही सत्ता असते. २०११ सालच्या 'एल. ए. न्वार' या खेळाच्या श्रेयनामावलीत शंभरहून अधिक लोकांची नावे नव्हती. काम पूर्ण होण्याआधी जो जाईल त्याचे नाव जाईल, ही प्रथा या धंद्यात अनेक ठिकाणी होती. जे नाव मिळवण्यासाठी पहिली पिढी झगडली, तेच पुढच्या पिढीला अडकवून ठेवण्याचे साधन ठरले.

अडकवून ठेवायचे ते कशासाठी? या धंद्यातला 'क्रंच' हा शब्द त्याचे उत्तर देतो. खेळ बाजारात आणण्याची तारीख जवळ आली की आठवडे, कधी महिनोन्महिने अखंड काम. नोव्हेंबर २००४ मध्ये 'ईए स्पाउज' या टोपणनावाने एका स्त्रीने अनावृत पत्र लिहिले. तिचा जोडीदार इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीत कामाला होता. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, फार तर शनिवारची संध्याकाळ मोकळी, आणि जादा तासांचा मोबदला शून्य, असे चित्र तिने रेखाटले. लेखिकेचे नाव एरिन हॉफमन, हे २००६ मध्ये उघड झाले. टोपणनावाने लिहिणाऱ्या स्त्रियांची परंपरा साहित्याला परिचित आहे. इथे मात्र टोपणनाव जोडीदाराची नोकरी वाचवण्यासाठी होते.

त्याच कंपनीविरुद्ध तेथील चित्रकारांनी त्याच वर्षी दावा दाखल केला होता. त्यातील युक्तिवाद आम्हांला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सर्जनशील व्यावसायिकाला जादा तासांच्या मोबदल्यातून वगळता येत असे. म्हणून चित्रकारांना म्हणावे लागले की आमचे काम स्वतंत्र वा सर्जनशील नाही, आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्याची मुभा आम्हांला क्वचितच असते. कलावंत म्हणवून घेतले तर घामाचे दाम नाही. दाम हवे तर कलावंतपण नाकारा! २००५ मध्ये चित्रकारांशी १ कोटी ५६ लाख डॉलरांची आणि २००६ मध्ये प्रोग्रामरांशी १ कोटी ४९ लाख डॉलरांची तडजोड झाली. पैसे मिळाले, पण संघटना उभी राहिली नाही. 'हे आमचे वेड आहे' ही भावना अजून प्रबळ होती, आणि वेडाला तास नसतात, हे व्यवस्थापनाला ठाऊक होते.

बदल आला तो ज्यांना कोणी कलावंत म्हणत नव्हते त्यांच्याकडून. खेळातील दोष शोधण्यासाठी तोच प्रसंग शेकडो वेळा खेळून पाहणारे चाचणीकार या व्यवसायाच्या उतरंडीत तळाशी असतात. (हे काम आपल्यापासून दूर नाही : युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८पासून पुण्यात आहे, आणि तिथेही चाचणीचे काम होत आले आहे.) डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओने बारा कंत्राटी चाचणीकारांना कामावरून कमी करण्याचे ठरवले, तेव्हा त्यांचे सहकारी काम थांबवून बाहेर पडले. मतदान एकट्या चाचणीकारांचे नव्हे, साऱ्या स्टुडिओचे व्हावे, हा मालकांचा आग्रह कामगारविषयक सरकारी मंडळाने फेटाळला. मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन स्थापन झाली. रेव्हनची मालक कंपनी होती अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड. कामगाराशी तुलना नको म्हणून चौघांनी उभारलेल्या घरातच, चार दशकांनी, तळच्या हातांनी स्वतःला अभिमानाने कामगार म्हटले.

या यशाला परिस्थितीचेही साहाय्य झाले. मायक्रोसॉफ्टला अ‍ॅक्टिव्हिजनच्या खरेदीसाठी सरकारी मंजुऱ्या हव्या होत्या, त्याच काळात, जून २०२२ मध्ये, तिने युनियनबाबत तटस्थ राहण्याचा करार केला. जुलै २०२४ मध्ये बेथेस्डातील २४१ आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'वरील पाचशेहून अधिक जण संघटित झाले. त्यांत कलाकार, प्रोग्रामर, रचनाकार असे सारेच होते. मात्र त्याच वर्षाच्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने खेळ विभागातील १,९०० जणांना कमी केले होते, आणि रेव्हनच्या चाचणीकारांच्या हाती प्रत्यक्ष करार पडायला २०२५ साल उजाडले. आवाज देणाऱ्या अभिनेत्यांनी जुलै २०२४ ते जून २०२५ असा दीर्घ संप केला, तो कृत्रिम बुद्धिमत्तेने आपला आवाज परस्पर वापरू नये म्हणून. कर्तृत्वाचा जुना प्रश्न तिथे कराराचे कलम होऊन आला.

इतिहासाचा हा पट पाहता एवढे म्हणता येईल : नाव ही कंपनीची मेहेरबानी असेल, तर ती काढूनही घेता येते, करारात लिहिलेले नाव सहजासहजी पुसता येत नाही. 'लेखकाचा मृत्यू' शिकवताना आपण संहितेमागच्या एका कर्त्याला दूर सारतो. ते सारताना त्याच्या मागे उभे असलेले शेकडो हातही दृष्टीआड होत नाहीत ना, हे तपासण्याची जबाबदारी आपणा अध्यापकांवर येते.