पुसलेलं कुठे जातं?

गेल्या वर्षी माझा पंधरा वर्षांचा ईमेलवरचा पत्रव्यवहार एका रात्रीत गेला. मी निश्चिंत होतो, कारण बॅकअपची डिस्क कपाटात होती. ती लावून बघतो तर फोल्डरची नावं जिथल्या तिथे, आत मात्र नुसते शॉर्टकट! म्हणजे वर्षानुवर्षं मी पत्रांची नव्हे, पत्रांच्या पत्त्याची प्रत करत होतो. नाव आणि वस्तू यांतला भेद वर्गात तीस वर्षं शिकवला आणि घरी त्यातच फसलो. त्या निमित्ताने या विषयाचा थोडा इतिहास वाचला. त्यातल्या दोन घटना आज सांगतो.

पहिली घटना 1986 ची, वॉशिंग्टनमधली. रेगन सरकारने इराणला छुप्या मार्गाने शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवला गेला. नोव्हेंबरमध्ये हे प्रकरण बाहेर आलं. व्हाइट हाउसमध्ये तेव्हा आयबीएमची ‘प्रॉफ्स’ नावाची ईमेल व्यवस्था होती. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले 5062 पैकी 5012 संदेश पुसून टाकले. त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी 758 पैकी 736. पडद्यावरून गेलं म्हणजे जगातून गेलं, असा हा हिशेब. पण यंत्र बिघडलं तर काम अडू नये म्हणून तिथले तंत्रज्ञ सगळा साठा नेमाने चुंबकीय टेपवर उतरवून ठेवत असत. एरवी अशा टेपवर काही दिवसांनी नवा मजकूर चढतो आणि जुना जातो. या टेपा मात्र वाचल्या. फेब्रुवारी 1987 मध्ये टॉवर आयोगाचा अहवाल आला, त्यात प्रॉफ्सवरचे संदेश उद्धृत केलेले होते!

गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी 1989 मध्ये रेगन यांची कारकीर्द संपत होती आणि त्याबरोबर या टेपाही पुसल्या जाण्याची वेळ आली होती. आदल्याच दिवशी, 19 जानेवारीला, पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही संस्था कोर्टात गेली. मनाई हुकूम मिळाला. सरकारचं म्हणणं असं, की महत्त्वाचं तेवढं कागदावर छापून ठेवलं की पुरे. खटला चालला. 1993 मध्ये न्यायालयांनी सांगितलं की पुरे नाही. कुणी कुणाला पाठवलं, कधी पाठवलं, पोचलं की नाही, हे सगळं छापील कागदावर उतरतंच असं नाही. म्हणून ईमेलचं मूळ रूपही सरकारी दफ्तरच आहे.

दुसरी घटना फेब्रुवारी 2011 ची, जीमेलची. सुमारे 0.02 टक्के ग्राहकांनी खातं उघडलं तर ते रिकामं. आता बघा, गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती, त्याही वेगवेगळ्या ठिकाणी. तरी असं का झालं? साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलात चूक होती आणि ती चूक जोडलेल्या सगळ्या प्रतींपर्यंत पोचली. अखेर पत्रं परत आली ती टेपवरून. टेप जाळ्याशी जोडलेली नव्हती, म्हणून ती चूक तिच्यापर्यंत पोचली नाही. मात्र टेपवरून उतरवून घ्यायला वेळ लागला.

या दोन घटनांत साम्य कोणतं? एकीकडे माणसाने हेतुपुरस्सर पुसलं, दुसरीकडे यंत्राने चुकून. दोन्हीकडे वाचवलं ते अशा प्रतीने, जिच्यापर्यंत पुसण्याचा हुकूम पोचलाच नाही. मूळ हलताच जी प्रत हलते ती सोयीची असेल, पण ती बॅकअप नव्हे. माझी डिस्क तर त्याहून वाईट. ती प्रतसुद्धा नव्हती, आणि हे मला कळलं नाही, कारण मी ती कधी उघडूनच पाहिली नव्हती.

त्या पत्रांत आता हयात नसलेल्या दोन मित्रांची पत्रं होती. ती परत मिळाली नाहीत. म्हणून घरी गेल्यावर एवढंच करा: तुमच्या बॅकअपमधून एक जुनं पत्र, दुसऱ्या संगणकावर, खरोखर उघडून पाहा. उघडलं तरच ते तुमच्याकडे आहे.