काडी मोडली, सही राहिली

‘काडीमोड’ हा शब्द आपल्याकडे कोर्टापेक्षा जुना. अनेक जातीजमातींत पंचांसमोर काडी मोडली की नवरा-बायको मोकळे. १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. नाशिक जिल्हा त्याच प्रांतातला, म्हणजे आपलं कळवणही त्यात आलं. १९५५ ला देशाचा हिंदू विवाह कायदा आला, त्याने आदिवासींना मात्र त्यांच्या रूढीवर सोडलं.

पण कर्जाचा कायदा या सगळ्यांच्या आधीचा, १८७२ चा करार कायदा. त्याचं कलम ४३ सांगतं, की दोघांनी मिळून कर्ज घेतलं, तर एरवी काही ठरलं नसल्यास पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागता येते. भरणाऱ्याने मग दुसऱ्याकडून वाटा वसूल करायचा. घटस्फोटाच्या कागदावर ‘हप्ते तो भरेल’ लिहिलं, तरी बँक त्या कागदात नसते ना!

क्रेडिट कार्डाचं थोडं वेगळं. जोडीदाराला मिळतं ते ॲड-ऑन कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार त्यावरच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. म्हणून वेगळं व्हायचं ठरलं, की आधी ते कार्ड बंद करायला बँकेला लेखी कळवा.

काडी पंचांसमोर मोडते. सही बँकेतच जाऊन सोडवावी लागते.