पीसगळ, कोंबडीतील : आजारी कोंबडीची निगा

जुनी पिसे टाकून नवी धरण्याची कोंबडीची वार्षिक क्रिया. पहिली पूर्ण पीसगळ वयाच्या दीड वर्षाच्या सुमारास होते. दिवसमान घटू लागले की ती सुरू होते. मुंबईच्या अक्षांशावर जूनमधला सुमारे सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. म्हणून महाराष्ट्रात पावसाळा सरताना खुराड्यात पिसांचा खच दिसू लागतो. पिल्ले वाढवून मोकळी झालेली किंवा दाणापाणी तुटलेली कोंबडी अवेळीही पिसे टाकते. क्रम डोके, मान, छाती, पाठ, पंख, शेपूट असा. कालावधी बहुधा 8 ते 12 आठवडे. या काळात अंडी बंद होतात.

आजाराची ओळख : कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत या काळातील कोंबडी केवळ उत्पादन थांबलेला पक्षी म्हणून येते, त्यामुळे तिच्या दुखण्याकडे दुर्लक्ष होते. तुरा फिका व आखडलेला असणे, कोपऱ्यात एकटे बसणे, हात लावू न देणे हे पीसगळीत स्वाभाविक आहे. तुरा निळसर पडणे, डोळे मिटून दाण्याकडे पाठ फिरवणे, तोंड उघडे टाकून श्वास घेणे, हिरवट पातळ विष्ठा ही आजाराची लक्षणे होत. खात्री हाताने करावी. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस चाचपावे. हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर कोंबडी बरेच दिवस उपाशी आहे. गळ्याखालची अन्नाची पिशवी पहाटे रिकामी असावी. ती फुगलेली राहिली तर अन्न तुंबले आहे. पंखांखाली व गुदद्वाराभोवती उवा पाहाव्यात. लाल किडे दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात, ते रात्री विजेरीने शोधावे लागतात. मान वाकडी होऊन मरतूक सुरू झाल्यास मानमोडीचा (राणीखेत) संशय घ्यावा. एकाएकी अनेक पक्षी मेले तर पीसगळीचे कारण धरून बसू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. अशी मरतूक बर्ड फ्लूचीही असू शकते; 2006 साली महाराष्ट्रात नवापुरात त्याचा उद्रेक झाला होता.

निगा : नव्या पिसाचा कोंब मेणासारख्या आवरणात असतो व त्यात रक्त खेळते. तो दबला तर कोंबडी कळवळते, मोडला तर रक्त गळते. म्हणून उगाच उचलू नये. उचलावेच लागले तर दोन्ही तळहात पोटाखाली घालून. रक्त आल्यास स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, कारण ते पाहून इतर कोंबड्या टोचू लागतात. आजारी कोंबडीस कोरड्या, वारा न लागणाऱ्या जागी वेगळे ठेवावे, पण कळप तिच्या नजरेआड होऊ नये. पूर्ण एकटी पडलेली कोंबडी खाणे सोडते.

आहार : पिसांचा बहुतेक भाग प्रथिनांचा असतो; ती घडवायला गंधकयुक्त अमिनो आम्ले, मुख्यतः मेथिओनिन, लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिने असतात, पीसगळीत ती 18 ते 20 टक्के असावीत. सोयाबीन पेंड, उकडलेले अंडे, कोकणात बिनमिठाचा सुका जवळा भिजवून देता येतो. खारवलेली मासळी देऊ नये. अशक्त कोंबडीपुढे ओला, मऊ भरडा थोडाथोडा ठेवावा.

जंतनाशक : फेनबेंडाझोलने काही पक्ष्यांची वाढती पिसे वेडीवाकडी होतात. पीसगळीत ते कोंबडीस द्यावे की नाही, यावर एकमत नाही.

लादलेली पीसगळ : उपाशी ठेवून पीसगळ घडवण्याच्या प्रथेविरुद्ध भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2011 मध्ये निर्देश दिले.