हाडांच्या तोफा

आईच्या शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात एक पत्र्याचा साचा आहे. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. गिरणगावात लूमला कुणी लूम म्हणत नसे, साचाच म्हणत. हा जेमतेम वीतभर लांब आहे. बाजूचा दांडा फिरवला की धोटा इकडून तिकडे सरकतो आणि फणी पुढे येऊन आपटते. माल काय, तर डालडाचा डबा, सायकलच्या तारा आणि मोडक्या छत्रीच्या काड्या. हत्यारं म्हणाल तर एक कानस, एक पक्कड आणि हॅकसॉचं तुटकं पातं, तेही मूठ नसल्यामुळे फडकं गुंडाळून धरलेलं.

हा साचा माझ्या मामानं केला, संपाच्या वर्षी. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामा साचेखात्यात फिटर होता. सुरुवातीचे दोन-तीन महिने तो सभांना जायचा, मग गॅलरीत बसून पत्रा कापू लागला. मी तेव्हा शाळेत होतो. "मामा, हे विकणार का?" असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "कोण घेणार रे हे? हात विसरायला नकोत म्हणून करतोय." मामी आतून काहीतरी बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात तांदूळ उधारीवर येत होते, तिचंही बरोबरच होतं.

मला पुढची कित्येक वर्षं वाटत होतं की मामाचा साचा म्हणजे रिकामपणाचा उद्योग. हे मत बदललं ते एका अगदीच आडवळणाच्या ठिकाणी.

नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडात होतो. एका पावसाळी शनिवारी पीटरबरोला गेलो होतो, आणि पाऊस थांबेना म्हणून तिथल्या म्युझियममध्ये शिरलो. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत हे म्युझियम आहे. फारशी अपेक्षा नव्हती. एका दालनात काचेच्या पेटीत एक जहाज दिसलं. तीन डोलकाठ्या, दोरखंडांचं जाळं, आणि दोन्ही बाजूंना ओळीनं तोफांची तोंडं. रंग जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखा पिवळट. आधी हस्तिदंत वाटला. पाटी वाचली तर साहित्य म्हणून लिहिलं होतं: हाड. कैद्यांच्या जेवणातली हाडं.

पीटरबरोपासून आठेक किलोमीटरवर नॉर्मन क्रॉस नावाची जागा आहे. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना हमरस्ता तिथून जातो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात जे युद्ध पेटलं ते मधला थोडा काळ सोडला तर १७९३ पासून १८१५ पर्यंत चाललं. ब्रिटनचं आरमार मोठं, त्यामुळे फ्रेंच जहाजं पकडली जात आणि त्यांच्यावरचे खलाशी ब्रिटनमध्ये आणले जात. त्या सगळ्या काळात असे लाखाहून अधिक कैदी आले. त्यांना ठेवायचं कुठे? किल्ले भरले, बंदरातली जुनी जहाजं भरली. तेव्हा १७९६ च्या अखेरीस नॉर्मन क्रॉसला लाकडी छावणी बांधायला घेतली आणि काही महिन्यांत, १७९७ च्या एप्रिलमध्ये, पहिले कैदी आतसुद्धा आले. खास युद्धकैद्यांसाठी बांधलेली ही जगातली पहिली छावणी, असं सांगितलं जातं.

चार चौक, प्रत्येकात दुमजली लाकडी बराकी, एकूण सोळा. एकेका बराकीत पाचशेच्या आसपास माणसं झोळ्यांमध्ये झोपत. सगळ्याच्या मध्यभागी एक अष्टकोनी चौकी होती आणि तिच्यावर तोफा बसवलेल्या होत्या, कैद्यांच्या बराकींवर रोखलेल्या. पाच-सहा हजार माणसं तिथे एका वेळी असत. अधिकाऱ्यांना बहुधा शब्दावर सोडत, ते आसपासच्या गावांत भाड्यानं राहत. आत उरत ते साधे खलाशी आणि शिपाई.

आता विचार करा. यातले बरेचसे जन्माचे लढवय्ये नव्हतेच. सक्तीच्या भरतीत उचलून आणलेले सुतार, लोहार, सोनार, विणकर. दिएप हे फ्रान्सचं बंदर तर हस्तिदंती कोरीवकामासाठीच प्रसिद्ध होतं, आणि बंदरातली पोरं आरमारात जायचीच. आधी दोन्ही देश कैद्यांची अदलाबदल करत. १८०३ मध्ये युद्ध पुन्हा सुरू झाल्यावर ती जवळजवळ बंद पडली. म्हणजे त्या वर्षी जो पकडला गेला त्याला १८१४ पर्यंत, तब्बल अकरा वर्षं, आत काढावी लागू शकत होती. आणि त्याला हे आधी माहीत नव्हतं. उद्या सुटू, परवा सुटू, असं करत अकरा वर्षं.

तर या माणसांनी हाडं वेचायला सुरुवात केली. मांसाचा शिधा हाडासकट येई. हाड उकळायचं, खरवडून चरबी काढायची, वाळवायचं, मग उभं चिरून पातळ पट्ट्या काढायच्या. जहाजाचं पोट आधी लाकडात घडवत. त्यावर या पट्ट्या फळ्यांसारख्या एकाला एक लावून जडवत आणि टाचणीच्या टोकाएवढ्या पितळी किंवा तांब्याच्या खिळ्यांनी पक्क्या करत. काळ्या रेघेसाठी शिंग वापरत. हत्यारं म्हणजे चाकू, घासून धार लावलेला खिळा, कानस, हातानं फिरवायचा सामता. ज्याच्याकडे चार पैसे आले तो बाजारातून बरं हत्यार मागवी.

आणि तोफा! एका मोठ्या युद्धनौकेवर साठ-सत्तरपासून शंभरापर्यंत तोफा. तेवढ्या एकेक करून करायच्या. काही हाडाच्या, काही पितळेच्या. एक तोफ बोटाच्या पेराहूनही लहान, पण तोंडाशी कडं आहे, नळीवर वळी आहेत आणि आतून नळी पोखरलेलीही आहे. काही जहाजांत याहून पुढची करामत आहे. जहाजाच्या मागच्या बाजूला दोरे बाहेर काढलेले असतात. दोरा ओढला की त्या मजल्यावरच्या सगळ्या तोफा एकदम आत जातात, सोडला की आतल्या स्प्रिंगांनी बाहेर येतात. लढाईत तोफ डागली की ती मागे येते, भरून पुन्हा पुढे ढकलायची असते. ज्यानं हे काम स्वतः केलं होतं, ज्याच्या खांद्याला त्या दोराचे वळ पडले होते, त्यानंच हे खेळण्यात उतरवलं असणार.

मापाच्या बाबतीत मात्र ही जहाजं चोख नाहीत. नकाशे नव्हते, आठवणीतून बांधायचं. डोलकाठ्या बहुतेक वेळा हव्या त्यापेक्षा उंच होतात. मला ही चूक फार आवडली. डेकवर उभ्या असलेल्या माणसाला डोलकाठी तशीच दिसत असेल ना, वर वर जाणारी!

त्याच दालनात एक हाडाचं गिलोटिन आहे, पातं खाली येणारं. त्याशेजारी एक खेळणं आहे, त्याला स्पिनिंग जेनी म्हणतात. हाडाची एक छोटी बाई चाकाशी बसली आहे. दांडा फिरवला की चाक फिरतं आणि तिचा हात हलतो. मी त्या बाईसमोर बराच वेळ उभा होतो. लालबागच्या गॅलरीत धोटा सरकताना जो टकटक आवाज यायचा तो कानात वाजत होता.

पण इथे थांबलं तर ही गोष्ट गोड होईल, आणि ती गोड नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा निव्वळ छंद नव्हता, धंदा होता. छावणीच्या दाराशी बाजार भरे. आसपासचे लोक गाड्या करून येत आणि डॉमिनो, पेट्या, खेळणी विकत घेत. जहाजं श्रीमंतांसाठी. गिऱ्हाईक इंग्रज, म्हणून अनेक जहाजांवर नाव इंग्लिश आहे, झेंडा इंग्लिश आहे. ज्यांच्या तोफांनी आपल्याला पकडलं त्यांचीच जहाजं घडवून त्यांनाच विकायची. पोटासाठी माणूस एवढं करतो. मोठं जहाज एकट्याचं काम नसे, पोट एकाचं, दोरकाम दुसऱ्याचं, तोफा तिसऱ्याच्या, आणि पैशाची वाटणी.

दुसरं, या कारागिरीलाही कुंपण होतं. गव्हाच्या काडाच्या वेण्या विणून त्या टोप्यांसाठी विकायला कैद्यांनी सुरुवात केली, तेव्हा बाहेरच्या गरीब बायकांचा तोच रोजगार बुडू लागला, म्हणून ते काम बंद केलं गेलं. मग चोरटा व्यापार सुरू झाला, त्यात पहाऱ्यावरचे शिपाईही सामील. काहींनी तीच बोटं बनावट नोटा काढायला वापरली, ज्याला तेव्हा फाशीची शिक्षा होती. आणि कित्येकांनी काहीच केलं नाही. जुगारात अंगावरचे कपडे आणि पुढचा शिधाही हरून ते उघडे, उपाशी पडून राहत. हातात कला असणं हेही एक नशीबच.

तिसरं म्हणजे मरण. १८००-१८०१ च्या हिवाळ्यात तापाची साथ आली आणि हजारावर माणसं गेली. छावणी चालू होती तोवर एकूण सुमारे १,७७० कैदी तिथे मेले. त्यांना शेजारच्या शेतात पुरलं. १८१४ मध्ये शेवटचे कैदी घरी गेले, १८१६ मध्ये छावणी मोडून लाकूडसुद्धा विकून टाकलं. पुढे जुलै १९१४ मध्ये रस्त्याच्या कडेला एक खांब उभारला, वर ब्राँझचा गरुड. ब्रिटन आणि फ्रान्स आता मित्र झाले होते. आठवडाभरात पहिलं महायुद्ध त्यांच्या दारात आलं. तो गरुड १९९० मध्ये चोरीला गेला, २००५ मध्ये नवा बसवला. थडगी नेमकी कुठे, हे शोधायला टाइम टीम या टीव्ही कार्यक्रमाच्या लोकांनी तिथे खणून पाहिलं, तो भाग २०१० मध्ये दाखवला गेला.

पाऊस थांबल्यावर मी तिथेही जाऊन आलो. आज तिथे हिरवं कुरण आहे, बाकी काही नाही. सोळा बराकी, हजारो माणसं, सगळं गेलं. राहिली ती जेवणातली हाडं, कारण त्यांना कुणीतरी आकार दिला होता.

परतताना गाडीत एकच गोष्ट टोचत होती. एवढ्या पेट्या पाहिल्या, पण पाट्यांवर जवळजवळ सगळीकडे एकच नाव: युद्धकैदी. कुणी केलं? कुठल्या गावचा? सुटला का? काही नाही. ज्याने विकत घेतलं त्याच्या घराण्याचं नाव टिकलं, ज्याने सत्तर तोफा पोखरल्या त्याचं नाही टिकलं.

मामाला मी कैदी म्हणणार नाही. त्याच्या गॅलरीवर कुणी तोफ रोखलेली नव्हती. पण ज्या यंत्रावर हयात गेली ते एका दिवसात हातातून सुटलं, उद्या सुरू होईल, परवा सुरू होईल म्हणत वर्ष गेलं, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. मामाला पुन्हा साच्यावर उभं राहता आलं नाही. नंतर तो एका बिल्डिंगचा वॉचमन होता. साच्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून तो आमच्याकडे राहिला. "हात विसरायला नकोत" हे त्याचं बोलणं मला पीटरबरोला, तीस वर्षांहून अधिक काळानं, कळलं. त्यात छंद नव्हता. आपण कोण आहोत हे विसरू नये म्हणून चाललेली ती धडपड होती, आणि मामीची चिडचिडही तितकीच खरी होती.

मामा आता नाही. त्या रात्री आईला फोन केला आणि म्हटलं, शोकेसमधला साचा काढ आणि त्याच्या तळाला एक चिठ्ठी चिकटव. "काय लिहू?" तिनं विचारलं.

त्याचं पूर्ण नाव लिही, म्हटलं. साचेखातं, फिटर. संपाचं वर्ष. आणि कशापासून केलंय तेही लिही, डालडाचा डबा.

ती जरा थांबली आणि म्हणाली, "छत्री माझी होती. तेही लिहिते."