विशाल नेत्रांची गोष्ट

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातून जगन्मोहन राजवाड्यात जावे, तर रविवर्म्याच्या नायिका माणसाच्याच मापाच्या डोळ्यांनी पाहतात. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी मात्र विशाल, टोकदार नेत्रांनी बोलते. कथेकरी गात गात पोथीचे एकेक पान पालटतो; स्थिर चित्रातला क्रोध मंडपातील शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचायचा, तर अतिशयोक्ती अटळच. १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा शिळाछापखाना निघाला. देवादिकांची मानवी मुखे घरोघरी टांगली गेली. त्या सवयीच्या नजरेला चित्रकथी ओबडधोबड वाटली, तर नवल नाही. जपानमध्ये १९६३ साली ओसामु तेझुका यांनी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही सचेतपट-मालिका मोजक्या रेखाचित्रांवर उभी केली, आणि भावनेचा भार पुन्हा डोळ्यांवरच आला. आज त्या पात्रांवर कुणी लुब्ध होतो, कुणाला ती निव्वळ बाहुल्या वाटतात. हा दुसरा प्रेक्षक, माझ्या मते, अजून रविवर्म्याच्याच दिवाणखान्यात बसला आहे.