बीअर, सोडा आणि परत बीअर

बारामती-इंदापूर पट्ट्यात मळीचा वास कुणाला सांगायला नको. माळेगाव कारखान्याच्या डिस्टिलरीत यीस्ट मळीतली साखर खातं, तेव्हा अल्कोहोलच्या जवळजवळ वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो (१८० ग्रॅम ग्लुकोजमागे ९२ आणि ८८, अकरावीचं गणित!). बीअरचा बुडबुडा म्हणजे हाच गॅस.

१७६७ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली ब्रुअरीशेजारी राहायचा. आंबणाऱ्या बीअरवर साचलेल्या गॅसमध्ये त्याने पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं, आणि झाला की सोडा! १७७२ मध्ये त्याने कृती छापली. पुढे १८७२ साली हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आपला गोटी सोडा तो हाच.

खरी गंमत पुढे आहे. घरगुती बीअर बाटलीत फसफसवायची तर यीस्टला पुन्हा थोडी साखर द्यावी लागते, मग तळाशी गाळ आलाच. केगमध्ये ही भानगड नाही. बीअर थंड करून गाळ बसू द्यायचा, वरची नितळ बीअर केगमध्ये घ्यायची आणि सिलिंडरने गॅस सोडायचा. हेन्रीचा १८०३ चा नियम: दाब वाढला की गॅस जास्त विरघळतो. गार द्रवात तर आणखीच. ४ अंशांना, १२ पीएसआय दाबावर बीअरच्या सुमारे अडीचपट आकारमानाचा गॅस मावतो. म्हणजे सोडावाल्याचीच पद्धत! बीअरकडून घेतलेली उसनवारी अशी फिटली.

आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बीअर करणं गुन्हा आहे. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पण तो परवान्याचा धंदा. डिस्टिलऱ्यांच्या तालुक्यात घरच्या वीस लिटरला बंदी, हे मला तरी पटत नाही. असो. केगमध्ये सोडा भरायला कुणाची हरकत नाही. लिंबू-मीठ तेवढं ग्लासात टाका.