समुद्राची रेशमी बखर

नॉर्वेच्या उत्तर टोकाला फिनमार्क नावाचा प्रांत आहे. ट्रोंढाइमचा बिशप योहान गुनेरुस हा धर्मगुरू होता, तसाच निसर्गाचा साक्षेपी अभ्यासकही होता. त्याने १७७० साली समुद्रातील एका चिमुकल्या कवचधारी जीवाचे वर्णन केले व त्यास या प्रांताचे नाव दिले. कॅलॅनस फिनमार्किकस तो हाच. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. कोकणात वाळत घातलेला जवळाही त्याच्यापुढे थोराड दिसावा! प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या अशा जीवांना प्राणिप्लवक म्हणतात. उत्तर अटलांटिकमधील हेरिंग मासा प्रामुख्याने याच्यावर पोसतो, आणि हेरिंगवर कित्येक बंदरांची चूल पेटत आली आहे.

ही बंदरे ज्या उत्तर समुद्राच्या काठी आहेत, तेथे हा जीव सर्वकाळ सारखा आढळत नाही. हिवाळा जवळ आला की तो अंगात तेलाचा साठा करून शेकडो मीटर खोल, थंड पाण्यात उतरतो आणि तेथे निश्चेष्ट पडून राहतो. वसंतात तो पुन्हा वर येतो. परंतु उत्तर समुद्राची सरासरी खोली शंभर मीटरांहूनही कमी! तेथे या जीवाला हिवाळा काढण्याजोगी जागाच नाही. म्हणून फेरो आणि शेटलंड बेटांमधील खोल पाण्यातून वर आलेली प्रजा प्रवाहांनी दरवर्षी नव्याने आत आणून सोडावी लागते. प्रवाह क्षीण झाला, किंवा मुळातले खोल थंड पाणी आटले, तर येथील पीक बुडालेच.

या पिकाचा अंदाज कोळ्यांना आधी देता येईल काय, हा प्रश्न ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने हाती घेतला. हेरिंगच्या आहारावरील त्याचा निबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शितावरून भाताची परीक्षा करावी हे आपल्याकडील शहाणपण. पण समुद्रात ते लागू पडत नाही. प्लवक थव्याथव्यांनी विखुरलेले असतात. एका ठिकाणी जाळे भरून येते, तर थोड्या अंतरावर रिकामे. यावर हार्डीने असे यंत्र योजिले की, जहाजामागे ओढले जाताना त्यातील रेशमाची पट्टी पुढे सरकत राहावी, त्यावर प्लवक अडकावेत, आणि दुसऱ्या पट्टीने झाकून ते फॉर्मालिनमध्ये टिकावेत. १९२५ ते १९२७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण महासागरात त्याची परीक्षा झाली. १९३१ पासून उत्तर समुद्रातील व्यापारी जहाजे ते ओढू लागली. कोळ्यांसाठी त्याने एक लहानसे साधनही केले होते. त्यातील रेशमाची चकती वनस्पतिप्लवकांनी हिरवीगार निघाली तर तेथे जाळे टाकू नये; कॅलॅनसने भरली तर टाकावे. युद्धाची वर्षे वगळता मोठ्या यंत्राची नोंद अखंड चालू आहे.

या नोंदीतून पुढे जे उमगले, ते हार्डीच्या मूळ हेतूत नव्हते. फिनमार्किकसचे एक भावंड आहे, हेलगोलांडिकस. दोघे दिसायला इतके सारखे की, त्यांना वेगळे मानावे की नाही यावर दीर्घकाळ वाद चालला. स्वभाव मात्र भिन्न. पहिल्याला थंड पाणी हवे, दुसऱ्याला उबदार. वार्षिक सरासरी नऊ ते दहा अंश सेल्सियसच्या आसपास दोघांची सीमा पडते. १९८० नंतर उत्तर समुद्र तापत गेला, ही सीमा उत्तरेकडे सरकली आणि एके काळी तेथे बहुसंख्य असलेला फिनमार्किकस अल्पसंख्य झाला.

एकाच्या जागी दुसरा आला, यात बिघडले काय, असे वाटेल. पण फिनमार्किकसचा बहर वसंतात येतो, तर हेलगोलांडिकसचा उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात. कॉड माशाची पिले वसंतात जन्मतात; त्यांचे ताट नेमके तेव्हाच रिकामे राहू लागले. कॉडच्या ऱ्हासाचे सारे खापर यावर फोडता येणार नाही. जाळ्यांनी केलेला अतिरेक त्याहून जुना आहे. तरीही, उपसलेला साठा पुन्हा भरून यावा, तर त्या पिलांना वेळेवर घास मिळणे अवश्य.

नव्या-जुन्या नोंदींची तुलना करता यावी म्हणून यंत्राची मूळ रचना हेतुपुरस्सर फारशी बदललेली नाही. ते रेशीम प्लिमथ येथे सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले जाते, आणि पाचव्या पायाच्या कडेचा बाक पाहून दोन्ही भावंडांची मोजणी वेगवेगळी केली जाते.